प्रेषितीय नेटवर्क: प्रेषिताला जाब कोण विचारणार?

वाटाड्या

ख्रिस्ती संप्रदायांच्या चौकटीबाहेर उभ्या राहिलेल्या प्रेषितीय नेटवर्कांबद्दल बोलू या. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (४:११) प्रेषित (येशूने पाठवलेले दूत), संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक अशी दानं येतात. यातली पहिली दोन आजही चालू आहेत आणि मंडळ्यांचं, म्हणजे स्थानिक चर्चचं, नेतृत्व समित्यांनी नव्हे, प्रेषितांनी करावं, असं या नेटवर्कांचं म्हणणं. अमेरिकेतल्या फुलर सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेचे प्राध्यापक सी. पीटर वॅग्नर यांनी १९९६ मध्ये अशा नेत्यांची परिषद भरवली आणि 'न्यू अपोस्टॉलिक रिफॉर्मेशन' हे नाव रूढ केलं. रीत मात्र त्याआधीची. इंग्लंडमध्ये टेरी व्हर्गो यांचं न्यूफ्रंटियर्स हे नेटवर्क तोवर चांगलंच पसरलं होतं.

काम कसं चालतं? मंडळी स्वतंत्रच राहते. नोंदणी, इमारत, बँकखातं, वडीलजन (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ), सगळं तिचं. जोडला जातो तो पाळक, आणि तोही संस्थेशी कमी, एका माणसाशी जास्त. प्रेषित येऊन शिकवतो, नव्या पाळकांवर हात ठेवून त्यांना नेमतो, भांडण झालं तर वडीलजनांत बसतो, नवी मंडळी उभारायला माणसं पाठवतो. बदल्यात काही ठिकाणी मंडळी उत्पन्नातला ठरलेला वाटा देते, काही ठिकाणी पाळक स्वतःचा दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) प्रेषिताकडे पाठवतो. बायबल शाळा आणि मिशन संस्थाही अशाच जोडल्या जातात. नातं संपलं की सभासदत्व संपलं.

ही रीत मला मनापासून पटते. माणसं पाठवणं हे मंडळीचं मूळ काम आहे आणि नेटवर्कं ते करतात. माझी हरकत एकाच जागी आहे. पाळक प्रेषिताला उत्तरदायी, प्रेषित कोणाला? बहुतेकदा उत्तर मिळतं, 'इतर प्रेषितांना', म्हणजे त्याने स्वतः निवडलेल्या मित्रांना. बायबलमधल्या प्रेषित पौलाने यरुशलेमच्या मंडळीसाठी देणगी गोळा केली तेव्हा पैशाबरोबर प्रवास करायला मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). पौलाला जे गरजेचं वाटलं ते आजच्या प्रेषिताला का वाटू नये?

द्राक्षवेल

तुम्ही नियमांवर फार भरवसा ठेवताय. घटना, सिनॉड (संप्रदायाची वरची सभा), अपील, बदल्यांचे नियम असलेल्या संप्रदायांतही लहान मुलांवरचे अत्याचार वर्षानुवर्षं दडपले गेले. कागद होते, धाडस नव्हतं.

आणि नेटवर्कात एक चाप आहे, जो तुम्ही मोजलाच नाही: बाहेर पडण्याची मोकळीक. अनेक संप्रदायांत इमारतीची मालकी वरच्या मंडळाकडे असते. मतभेद झाला तर लोकांनी उभारलेली वास्तू सोडून त्यांनाच जावं लागतं. नेटवर्कातली मंडळी उद्या सकाळी इमारतीसकट वेगळी होऊ शकते. प्रेषिताला हे पक्कं ठाऊक असतं. ज्याच्याकडे विश्वासाखेरीज कुठलाच हक्क नाही, त्याला रोज विश्वास कमवावा लागतो. पौलाने आपल्या सहकाऱ्यांपैकी तीताला क्रेतात ठेवलं, तीमथ्याला इफिसात, आणि तिथे वडील नेमले गेले. त्यासाठी कुठली समिती बसली होती?

जुनी_मंडळी

मुळातच घोळ आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना अट काय होती? तो येशूच्या पुनरुत्थानाचा साक्षीदार हवा (प्रे. कृत्ये १:२१-२२). पौल स्वतःला प्रभूचं दर्शन झालेल्यांत 'सर्वांत शेवटी' ठेवतो. ते पद तिथेच संपलं. आत्म्याची दानं मानणाऱ्या असेंब्लीज ऑफ गॉड या संप्रदायानेही २००१ साली जाहीर केलं की आज प्रेषितपदाची वेगळी नेमणूक करण्याची गरज नाही.

द्राक्षवेल

@जुनी_मंडळी, पौलाचा साथी बर्णबालाही प्रेषित म्हटलंय (प्रे. कृत्ये १४:१४), आणि तो येशूच्या बारा प्रेषितांपैकी नव्हता. बारा जण पायाचे, हे आम्हीही मानतो. त्यांच्यासारखं शास्त्र लिहिण्याचा अधिकार जबाबदार नेटवर्कातला कोणीही सांगत नाही.

इतिहासवेडा

हा प्रश्न आजचा नाही. 'डिडाखे' या अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती मार्गदर्शिकेत फिरत्या प्रेषिताची कसोटी दिली आहे. त्याचं प्रभूसारखं स्वागत करा, पण त्याने एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीखेरीज काही नेऊ नये. पैसे मागितले तर खोटा. म्हणजे प्रेषित येत होते, आणि त्यांना मोजायची पट्टी गावच्या मंडळीच्या हातात होती. मला यातलं हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

आता दोन उदाहरणं. १८३० च्या दशकात लंडनमध्ये कॅथॉलिक अपोस्टॉलिक चर्चने बारा प्रेषित नेमले. पाळकांच्या नेमणुका त्यांच्याच अधिकाराने व्हायच्या. शेवटचे प्रेषित १९०१ मध्ये वारले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, नेमणुका थांबल्या आणि चर्च हळूहळू विझत गेलं. दुसरं, १९७० च्या दशकातली अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेलची 'शेफर्डिंग' चळवळ. पाच नावाजलेले शिक्षक, प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक मेंढपाळ. हेतू काळजी घेण्याचा होता. पण लोक नोकरी आणि लग्नासाठीही मेंढपाळाची परवानगी घेऊ लागले. पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी पुढे जाहीर माफी मागितली. तिथे लोकांना बाहेर पडायची कायदेशीर मोकळीक पूर्ण होती, @द्राक्षवेल. पडता येत नव्हतं ते मनाने.

उलट बाजूही सांगतो. व्हर्गो यांनी २०११ च्या सुमारास एकच वारस न नेमता न्यूफ्रंटियर्स अनेक प्रेषितीय गटांत वाटून दिलं. एका माणसाभोवती उभं राहिलेलं काम त्याच्या हयातीतच मोकळं करणं फार थोड्यांना जमतं.

पाळक_होतो

इतिहासवेडा यांचं 'मनाने' अगदी खरं. मी एका नेटवर्कात होतो. आमची मंडळी फुटायला आली तेव्हा प्रेषित स्वतः आले, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं, आणि मंडळी वाचली. ते ऋण मी विसरणार नाही. पण पुढे हिशेबाबद्दल प्रश्न विचारून बाहेर पडलो, तेव्हा इमारत आमची राहिली आणि बाकी सगळं गेलं. पाहुणे वक्ते, देणगीदार, तरुणांची शिबिरं, वीस वर्षांची मैत्री. 'आत्मिक आच्छादनाबाहेर', म्हणजे प्रेषिताच्या आध्यात्मिक छत्राबाहेर, 'गेलेला' असा शिक्का बसला आणि ओळखीच्या पाळकांनी फोन उचलणं सोडलं. बाहेर पडण्याची ही किंमत असेल तर तिला चाप म्हणू नका.

द्राक्षवेल

तुमच्या बाबतीत झालं ते अन्यायाचंच झालं. प्रश्न विचारणाऱ्याला आच्छादनाची भीती घालणं हा त्या शिकवणीचा गैरवापर आहे.

तरीही मला सिनॉड नको. अंत्युखियात प्रेषित पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं (गलती २). असे बरोबरीचे लोक हवेत. प्रेषित एकटा नसावा, त्याचा गट असावा. हिशेब बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासले जावेत. आणि त्याला बाजूला करायची वेळ आली तर तो निर्णय जोडलेल्या मंडळ्यांच्या वडीलजनांनी घ्यावा. बाहेरच्या मंडळाला तो हक्क दिला की पुन्हा तोच संप्रदाय उभा राहतो, फक्त पाटी बदलून.

वाटाड्या

वडीलजनांनी घ्यावा, मान्य. पण ते एकमेकांना भेटतात कुठे? अशा नेटवर्कात प्रत्येक मंडळीची दोरी प्रेषिताशी बांधलेली असते, मंडळ्यांची आपापसांत फार कमी. वडीलजन एकत्र येतात ते त्याने बोलावलेल्या परिषदेत, त्याने ठरवलेल्या विषयांवर, आणि परिषद संपली की आपापल्या गावी परततात. पाळक_होतो यांचा प्रश्न शेजारच्या मंडळीच्या वडीलजनांपर्यंत पोचला तरी होता का? त्यांना प्रेषिताच्या निमंत्रणाशिवाय एकत्र बसता येईल आणि हिशेब मागवता येईल अशी सोय नेटवर्कात सामील होतानाच लिहून ठेवली असेल, तर तुमचा मार्ग मला चालेल. तशी सोय केलेलं नेटवर्क कोणाला माहीत असेल तर इथे जरूर लिहा. ते कसं चालतं हे मला समजून घ्यायचंय.