हॉलच्या छतातले हॅलोजन काढून एलईडी लावले, पण ते लुकलुकतात. कोणते घ्यावेत?

कोथरूडकरीण:
नमस्कार. २००८ साली हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं तेव्हा त्यात बारा स्पॉटलाइट बसवून घेतले होते. ५० वॅटचे छोटे हॅलोजन, पुढे काच, मागे दोन बारीक सरळ पिना. आता त्यातले बरेच उडालेत. जवळच्या दुकानात जुना दिवा दाखवला, त्यांनी तशाच पिनांचे ६ वॅटचे तीन एलईडी दिले आणि "डायरेक्ट बसतील" म्हणाले. बसले व्यवस्थित. पण एक सारखा लुकलुकतो, दुसरा क्षणभर पेटून विझतो आणि तिसरा मात्र झकास चालतो. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले. दुकानदार म्हणतो, तुमचं वायरिंग खराब आहे. तसं असतं तर जुने हॅलोजन इतकी वर्षं नीट कसे चालले?

दुसरं म्हणजे उजेडाचा रंग. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी पेपर आणि पोथी त्या हॉलमध्येच वाचतात. नवीन दिव्यांखाली बसलं की डोळ्यांवर येतं म्हणतात. सगळेच बदलायचे तर त्यांना सोयीचे होतील असे हवेत. किती वॅटचे, कोणत्या रंगाचे घेऊ?

ठाणेकर:
जीयू१० प्रकारचे दिवे घ्या. थेट घरच्या २३० व्होल्टवर चालतात, व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची भानगडच नाही. आमच्याकडे तेच आहेत, काही त्रास नाही.

वायरमनकाका:
ठाणेकर, जीयू१० त्यांच्या होल्डरमध्ये बसणारच नाही. त्याच्या पिना जाड, टोकाला बोंडासारख्या, १० मिलिमीटर अंतरावर असतात आणि दिवा फिरवून अडकवावा लागतो. ताईंकडे एमआर१६ प्रकारचे आहेत, १२ व्होल्टचे. त्यांच्या पिनांतलं अंतर ५.३ मिलिमीटर.

ताई, वायरिंगला दोष देऊ नका. छताच्या वर, पीओपीच्या पोकळीत, पांढरे किंवा काळे छोटे डबे असतील. ते इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर, हॅलोजनसाठी केलेले. डब्यावर २०–६० वॅट किंवा ३५–१०५ वॅट असं काही लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा कोणी वाचत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. किमान तेवढा भार मिळाल्याशिवाय तो ट्रान्सफॉर्मर स्थिर चालत नाही. ५० वॅटचा हॅलोजन त्याला पुरत होता, ६ वॅटचा एलईडी पुरत नाही. मग तो चालू-बंद, चालू-बंद करत राहतो आणि दिवा लुकलुकतो.

तुमचा तिसरा दिवा चालतो त्याचं कारण मला वाटतं असं आहे: त्याच्या शेजारी जुना हॅलोजन अजून जळत असेल आणि दोघांना मिळून एकच मोठा ट्रान्सफॉर्मर असेल. भार हॅलोजन पुरवतोय. तो उडाला की हाही लुकलुकेल. खात्री करायची तर शेजारचा हॅलोजन पूर्ण गार झाल्यावर, एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला खटका) पाडून काढा आणि मग एलईडी पेटवून बघा. नुसतं बटण बंद करून छतात हात घालू नका. जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं मी पुष्कळदा पाहिलंय, अशा ठिकाणी बटण बंद असतानाही वर करंट असतो.

आता उपाय. एक म्हणजे जुने ट्रान्सफॉर्मर काढून १२ व्होल्ट डीसीचे एलईडी ड्रायव्हर, म्हणजे खास एलईडीसाठी केलेले पुरवठ्याचे डबे, बसवायचे. एमआर१६ तेच राहतात, फक्त खोक्यावर एसी/डीसी दोन्ही लिहिलंय ना ते बघा. ६ वॅटच्या दोन दिव्यांना १५ ते २० वॅटचा ड्रायव्हर भरपूर. दुसरा उपाय ठाणेकरांचा: ट्रान्सफॉर्मर काढून जीयू१० चे होल्डर लावायचे. दिव्याचा व्यास तोच, ५० मिलिमीटर, म्हणून छतातल्या, दिवा धरणाऱ्या कड्या सहसा तशाच चालतात. मला हा जास्त पटतो, कारण वर पोकळीत बिघडणारा एक डबा कमी होतो. पण १२ व्होल्टच्या फिटिंगला बहुधा अर्थिंग दिलेलं नसतं. धातूच्या कडीपाशी २३० व्होल्ट आणायचे तर अर्थची वायर तिथवर आलीच पाहिजे. ती येत नसेल तर पहिलाच उपाय करा. आणि होल्डर काहीही झालं तरी बदला. हॅलोजनची आच बरीचशी मागे जाते, त्याची पाठ मुद्दाम तशी केलेली असते: उजेड पुढे, उष्णता मागे. इतक्या वर्षांनी होल्डरमधल्या पट्ट्या काळ्या पडून सैल झालेल्या असणार.

लोहारचाळ:
काकांनी विजेचं सांगितलं, मी उजेडाचं सांगतो. डोळ्यांवर येतंय म्हणजे तुम्हाला ६५०० केल्विनचे कूल डेलाइट दिलेत असं दिसतं. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तर उजेड निळसर पांढरा, लहान तर पिवळसर. मागितलं नाही तर दुकानदार तेच देतात. हॉलसाठी ३००० केल्विन घ्या, हॅलोजनच्या जवळचा रंग. स्वयंपाकघर असतं तर ४००० म्हटलं असतं. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर बघा, ८० च्या दिव्याखाली लाल रंग मातकट दिसतो. कुंकू, डाळिंब, साडीचे काठ यांत लगेच कळतं. जाताना लाल ब्लाउजपीसचा तुकडा न्या आणि दिवा लावून त्याखाली धरा.

खोक्यावर वॅटपेक्षा ल्युमेन, म्हणजे दिवा किती उजेड देतो ते, वाचा. ५० वॅटच्या हॅलोजनच्या जागी साधारण ३५० ते ४५० ल्युमेन हवेत. मग झोताचा कोन. तुमचं छत साडेआठ फुटांवर आणि टेबल अडीच फुटांवर धरलं तर मध्ये सहा फूट राहतात. ३६ अंशांचा दिवा टेबलावर चारेक फुटांचं वर्तुळ पाडतो, २४ अंशांचा अडीच फुटांचं, ६० अंशांचा जवळजवळ सात फुटांचं. भिंतीवरच्या चित्रासाठी २४ ठीक, बाकी सगळीकडे ३६. सगळे दिवे दोन जास्तीचे धरून एकदमच घ्या. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा आणला तरी रंगात फरक पडतो आणि एका ओळीत तो दिसून येतो. पुण्यात तापकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत लावून दाखवतात.

कोथरूडकरीण:
काका, तुमचं अगदी बरोबर निघालं. शेजारचा हॅलोजन काढला आणि चांगला चालणारा एलईडी लगेच लुकलुकायला लागला. मुलाने छताच्या भोकातून मोबाइल घालून फोटो काढला, डब्यावर ३५–१०५ स्पष्ट वाचता येतंय. खोक्यांवर ६५०० आहे. अर्थची हिरवी वायर फोटोत कुठेच दिसत नाही, म्हणजे आमच्यासाठी ड्रायव्हरचाच मार्ग. हिशेब केला: बारा हॅलोजन रोज चार तास म्हणजे २.४ युनिट, एलईडीचे ०.३ सुद्धा नाहीत.

एक राहिलं. सासूबाईंच्या खुर्चीच्या बरोबर वर एक स्पॉट आहे. तो जास्त ल्युमेनचा घेऊ का?

वायरमनकाका:
नको. डोक्यावरून झोत आला की स्वतःचीच सावली पेपरवर पडते आणि गुळगुळीत कागद चकाकतो. वय झालं की वाचायला उजेड जास्त लागतो, पण चकाकी सोसत नाही. तिथला स्पॉट बाकीच्यांसारखाच ठेवा आणि खुर्चीशेजारी, खांद्याच्या मागून पानावर उजेड पडेल असा उभा दिवा द्या, मान वळवता येणारा. त्यात साधा ९ वॅटचा, ३००० केल्विनचा बल्ब पुरे. बटण त्यांच्या हाताशी येऊ द्या.

हॉलला डिमर असेल तर वायरमनला आधीच सांगा. जुना हॅलोजनचा डिमर काढावा लागेल, नाहीतर नवे ड्रायव्हरही गुणगुणतील. आणि वर पोकळीत ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवर ठेवू देऊ नका, वीतभर बाजूला सरकवून ठेवायला सांगा.