धागा: कॉलेज-विद्यापीठातलं आरोग्य केंद्र, तुमचे अनुभव लिहा

गणेशखिंडकर
भाचीने यंदा पुण्यात एमएस्सीला अ‍ॅडमिशन घेतलीय. परवा तिचा फोन, मावशी ताप आहे, कुठे दाखवू? म्हटलं अगं कॅम्पसवर हेल्थ सेंटर असेल की. तर म्हणते, ते खरंच चालू असतं का? फीच्या पावतीवर वैद्यकीय शुल्क म्हणून ओळ असते, ती कुणी वाचतच नाही. फोन ठेवला आणि मला माझी कावीळ आठवली.

नव्वदच्या दशकाचा शेवट, मी पुणे विद्यापीठात, मुलींच्या होस्टेलला. जेवण जाईना, सारखं मळमळायचं, खोलीतल्या सगळ्यांचं मत अ‍ॅसिडिटी. आरोग्य केंद्रात केसपेपर काढला तर सिस्टरनी आधी खिडकीपाशी उजेडात नेलं, वर बघ म्हणाल्या, डोळ्यांचा पांढरा भाग बघितला आणि लघवीचा रंग कसा आहे एवढं एकच विचारलं. डॉक्टरांच्या आधी त्यांनाच कळलं होतं. रक्त तपासलं, बिलिरुबिन चांगलंच वाढलेलं. आई गावाहून धावत आली, तिला मला कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं होतं. सिस्टर तिच्यावर अजिबात ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, आई, माळ घालायची तर घाला, त्याने काही बिघडत नाही, पण कसलाही पाला पोटात द्यायचा नाही, लिव्हर आधीच थकलंय. आईला ते पटलं! डॉक्टरांनी सांगितलं की या काविळीवर वेगळं औषध नसतं, विश्रांती, हलकं खाणं, मनाने कुठलीही गोळी घ्यायची नाही. आणि पाण्यातून पसरते म्हणून त्यांनी मेसची टाकी तपासायला लावली, त्यामुळे पुढच्या किती मुली वाचल्या असतील कोण जाणे. घरापासून लांब असलेल्या पोरीकडे कुणीतरी नीट बघणं याची किंमत मला तेव्हा कळली.

विद्यार्थी, प्राध्यापक, क्लार्क, शिपाई, मेसवाल्या मावशी, सगळ्यांनी लिहा. चांगले, वाईट दोन्ही अनुभव. वाईट असेल तर संस्थेचं नाव नको, घडलं काय ते लिहा.

चहाबिस्कीट
आमच्याकडे तीनच गोळ्या होत्या. पांढरी, पिवळी आणि 'ही झोपताना' 😄
पण त्याच डॉक्टरांनी माझ्या रूममेटचा डेंग्यू पकडला. अंगदुखी इतकी की तो मेडिकलमधून पेनकिलर आणणार होता, सरांनी दारातच अडवलं. तापाचं निदान होईपर्यंत आयबुप्रोफेन नाही, अ‍ॅस्पिरिन नाही, फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. मग रोज प्लेटलेट. तेव्हापासून मी घरात सगळ्यांना हेच सांगतो.

कोरडवाहू
कृषी विद्यापीठवाले आहेत का इथे कुणी? आमचं दुखणंच वेगळं असतं राव. प्रक्षेत्रावर, प्लॉटमध्ये काम. फवारणीनंतर डोकं धरणं, उन्हाने चक्कर आणि पावसाळ्यात साप. आमच्या बॅचच्या सोयाबीनच्या ट्रायलमध्ये निंदणीला आलेल्या रोजंदारीच्या मावशीना पायाला चावला. लोक दोरी शोधायला लागले, एकजण ब्लेड घेऊन आला. आरोग्य केंद्राचे कंपाउंडर सायकलवरून आले आणि सगळ्यांना मागे सारलं. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. मावशीना झोपवलं, पाय हलू नये म्हणून लाकडी पट्टी लावली, पायातलं जोडवं काढलं कारण सूज आली की तेच रुततं. १०८ ला फोन केला (आपल्याकडे ही गाडी २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो) आणि आधीच ग्रामीण रुग्णालयाला कळवलं की प्रतिविष तयार ठेवा. मावशी वाचल्या, पुढच्या हंगामात परत कामाला होत्या.

सांगायचं हे की त्या ना विद्यार्थी ना स्टाफ. कागदावर त्यांचा केसपेपर निघतच नव्हता. कंपाउंडर काका म्हणाले, प्लॉट विद्यापीठाचा आहे ना, मग बाई पण विद्यापीठाचीच.

मेतकूट
@कोरडवाहू शेवटच्या वाक्याला माझा नमस्कार सांगा त्यांना 🙏

कोरडवाहू
रिटायर झाले. सांगतो नक्की.

लालगुलाबी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. माझा अनुभव थेट केंद्राचा नाही, रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजना) रक्तदान शिबिराचा. आमच्या वर्गातल्या मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि निम्म्याहून जास्त परत आल्या. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागतं आणि वजन किमान ४५ किलो. तोपर्यंत आम्हाला वाटायचं जिने चढताना धाप लागते ते सबमिशनच्या जागरणाने. शिबिराला आलेल्या डॉक्टरबाई नुसत्या 'रिजेक्ट' म्हणून थांबल्या नाहीत, आम्हाला बाजूला बसवून पाळीबद्दल विचारलं, किती दिवस जातं, गाठी पडतात का. आमच्यातल्या कितीजणींना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारला होता. मग कॉलेजने केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या, शौचाला काळी होते त्याला घाबरायचं नाही हे सगळं त्यांनी आधीच सांगितलं म्हणून कुणी मध्येच सोडल्या नाहीत. माझं वर्षभरात बारावर आलं. मुलींच्या कॉलेजात हे दरवर्षी व्हायला हवं, रक्त द्यायचं असो वा नसो.

मेतकूट
लोखंडी कढईत पालेभाजी करा, थोडा फरक पडतो. आणि होस्टेलवर इलेक्ट्रिक किटली असेल तर मऊ भात होतो का हो त्यात? लेक विचारतेय.

चहाबिस्कीट
होतो पण तळाला लागतो. तांदूळ आधी अर्धा तास भिजवा. आणि रेक्टरला वास येऊ देऊ नका.

नाव नको
मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मला टीबी झाला होता. खोकला जात नव्हता, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. केंद्राच्या मॅडमनी बेडका तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवलं, रिपोर्ट पॉझिटिव्ह. माझ्या डोक्यात पहिला विचार, आता होस्टेलमधून काढतील. मॅडमनी रेक्टरना स्वतः बोलावून समजावलं की औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो, तोवर त्याला वेगळी खोली द्या, खिडकी उघडी ठेवा, पण घरी हाकलू नका, घरी गेला की औषध सुटतं. रूममेटांची तपासणी केली, पण बाहेर कुणाला काही कळू दिलं नाही. सहा महिन्यांचं औषध, सगळं फुकट. लघवी केशरी होते हे आधी सांगितलं नसतं तर मी हबकलोच असतो. औषध सुरू होतं तोवर निक्षय पोषणचे (टीबीच्या रुग्णाला खुराकासाठी सरकारी मदत) महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे (आता २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झालेत), त्याची मी अंडी आणायचो. एटीकेटीसुद्धा लागली नाही. आज नोकरी आहे, लग्न झालंय, बायकोला सगळं माहीत आहे. कुणाचा मुलगा-मुलगी यातून जात असेल तर सांगा त्यांना, हे पूर्ण बरं होतं.

गणेशखिंडकर
@नाव नको तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. रूममेट लोकांनी साथ दिली का?

नाव नको
हो ताई. एकजण रोज गोळी घेतली का विचारायचा. अजून विचारतो, आता गंमत म्हणून.

तासिका_तत्त्व
विद्यार्थ्यांचं वाचून बरं वाटलं. आता आमचं ऐका. मी तासिका तत्त्वावर शिकवते, बरीच वर्षं. कायम प्राध्यापकांना वैद्यकीय प्रतिपूर्ती असते. तिथेही बिलं, प्रमाणपत्रं, जिल्हा शल्यचिकित्सकांची सही असं सगळं फिरत बसावं लागतं, पण निदान हक्क असतो. आम्हाला तास घेतला तर पैसे, आजारी पडलो तर तास बुडाला. रजा हा शब्दच आमच्या करारात नाही. गेल्या वर्षी माझा आवाज बसला, डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितली, म्हणजे महिनाभर बोलायचं नाही. शिक्षकाने बोलायचं नाही म्हणजे घर कसं चालवायचं? आमच्या कॉलेजच्या आरोग्य कक्षाच्या रजिस्टरला दोनच रकाने आहेत, विद्यार्थी आणि कर्मचारी, आणि क्लार्कला मला कुठे लिहायचं ते कळेना. हे मी रागाने लिहितेय आणि तो राग खरा आहे. राज्यभर हजारो लोक असे शिकवतायत.

विदर्भकन्या
ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे लॅब असिस्टंटचंही तसंच.
माझा अनुभव सिकलसेलचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा. गडचिरोली-चंद्रपूरकडे हे घरोघरी माहीत असतं, पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना नाव पण ठाऊक नव्हतं. कॉलेजात आधी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साधी तपासणी झाली, ज्यांची शंकास्पद आली त्यांची इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे पक्की तपासणी. मी वाहक निघाले. वाहक म्हणजे आजारी नाही हे डॉक्टर प्रत्येकीला वेगळं बसवून सांगत होते, कारण वर्गात यादी वाचली असती तर मुलींची लग्नं मोडली असती. नवरा-बायको दोघं वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलचं होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्नाआधी जोडीदाराचीही तपासणी. मी केली. तो म्हणाला एवढंच ना, चल, आणि बाहीच वर केली 🙂

समुपदेशक_बाई
दुपारची सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी एका महाविद्यालयात समुपदेशक आहे. माझा कक्ष आधी प्राचार्यांच्या केबिनला लागून होता, दारावर ठळक पाटी. वर्षभर जवळजवळ कुणी आलं नाही. मग मागून घेऊन ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत हलले, पाटी छोटी केली, आणि मुलं यायला लागली. ग्रंथालयात तर कुणीही जातं ना.

येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, घरी फोन कराल का? मी सांगते, नाही. जीवाला धोका आहे असं वाटलं तरच, आणि तेही तुला सांगून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारातल्या गोपनीयतेचा हक्क दिलाय, तो कुणाला माहीत नसतो. प्राध्यापक मंडळी येऊन विचारतात, अमुक मुलगा काय म्हणाला? त्यांनाही नाही म्हणते, त्यावरून वाद पण झालेत. मागच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. चांगलंच आहे. पण तीन हजार मुलांना मी एकटी, आणि आठवड्यातले तीनच दिवस. रात्री कुणाला गरज पडली तर टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबर होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लिहा, नोटीस बोर्डाच्या काचेआड नको.

अर्धवट_झोप
मॅडम एक विचारू का. मला तसं काही झालेलं नाही. म्हणजे ब्रेकअप, नापास वगैरे काहीच नाही. फक्त झोप येत नाही आणि लेक्चरला बसावंसं वाटत नाही, सेमिस्टरपासून. एवढ्यासाठी गेलं तर चालतं का की त्यांचा वेळ फुकट जाईल

समुपदेशक_बाई
चालतं बाळा, याच्यासाठीच आम्ही बसलोय. उद्याच जा. काय बोलायचं सुचलं नाही तर हे तुझं वाक्य आहे तसं मोबाईलवर दाखव. आणि आज रात्री फारच अस्वस्थ वाटलं तर वरच्या नंबरला फोन कर.

अर्धवट_झोप
ओके. थँक्यू मॅडम

म्युनिकची_मावळण
जर्मनीतून. इथे विद्यार्थ्यांना आरोग्य विमा असल्याशिवाय प्रवेशच पक्का होत नाही, तिशीच्या आतल्यांना सार्वजनिक विम्यात विद्यार्थ्यांचा स्वस्त दर मिळतो. डॉक्टरकडे कार्ड दाखवायचं, तिथे पैसे नाहीत. विद्यापीठांशी जोडलेली विद्यार्थी सेवा संस्था असते, तिच्याकडे समुपदेशन मोफत, मी घेतलंय, पहिल्या थंडीत. अंधार चारलाच पडतो हो. पण साधा सर्दी-ताप घेऊन गेलात तर डॉक्टर सांगतात चहा प्या, झोपा, आणि आपल्याला वाटतं अरे औषध कुठंय? परीक्षेच्या दिवशी आजारी असाल तर मात्र तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरचं प्रमाणपत्र घ्या, नंतरचं चालत नाही. इंग्लंडवाल्यांनो, तुम्ही व्हिसासोबत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला ७७६ पाउंड भरलेले असतात, तर गेल्या गेल्या जीपीकडे (तिथला फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका.

मेतकूट
म्युनिकला मेतकूट मिळतं का गं?

म्युनिकची_मावळण
नाही ना! आई पाठवते. तुमची रेसिपी टाका वेगळ्या धाग्यावर.

फाईलवाला
विद्यापीठातच क्लार्क आहे, आस्थापना विभागात. @तासिका_तत्त्व मॅडम, महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, कुठलंही रेशनकार्ड चालतं, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. योजनेत असलेल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा. मात्र यात भरती आणि ऑपरेशन असं बसतं, तुमच्यासारखं साधं बाह्यरुग्ण दाखवणं नाही बसत, तो खर्च खिशातूनच. रजिस्टरच्या रकान्याचं म्हणाल तर प्राचार्यांना एक अर्ज द्या, तिसरा रकाना 'अध्यापक (तासिका)' असा पाडायला कुणाची मंजुरी लागत नाही, आमच्याकडे मी स्वतः पट्टीने आखलाय. अर्जाचा नमुना हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळी टाईप करून पाठवतो.

तासिका_तत्त्व
व्यनि केलाय दादा.