मदत हवी आहे: ए-लेव्हलसोबत लेकीने ईपीक्यू घ्यावं का?

संत्रानगरीकर

नमस्कार मंडळी. मी नागपूरला बँकेत आहे. बायको लेस्टरला नर्स आहे, लेक तिच्याजवळ राहते, आणि मी इथे आई-बाबांपाशी. लेकीची दहावी इथेच झाली. आता ती तिकडे इयर ट्वेल्वला आहे, म्हणजे आपल्या अकरावीसारखं. ए-लेव्हलचे, म्हणजे तिकडच्या बारावीच्या परीक्षेचे, विषय बायोलॉजी, केमिस्ट्री आणि जॉग्रफी.

कॉलेजने विचारलंय की या तिन्हींसोबत एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन, म्हणजे ईपीक्यू, घेणार का. महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. मला जेवढं समजलं ते असं: आपल्या आवडीचा एक प्रश्न घ्यायचा, सुमारे ५,००० शब्दांचा अहवाल लिहायचा आणि शेवटी लोकांसमोर बोलायचं. त्याला अर्ध्या ए-लेव्हलचं वजन. शिकवणं आणि स्वतःचं काम धरून १२० तास सांगितलेत. मी बँकवाला माणूस, लगेच हिशोब मांडला. रोज एक तास धरला तरी चार महिने झाले.

तिचा केमिस्ट्रीचा अंदाजित ग्रेड सध्या बी आहे. हे तास तिकडे घातले तर ए होणार नाही का, हा माझा प्रश्न. बायको म्हणते घेऊ दे. मेहुणा म्हणतो ही सगळी शोबाजी आहे.

खरी अडचण अशी की विषय तिने आधीच ठरवून ठेवलाय: इथल्या अंबाझरी तलावाचा पूर. २०२३च्या सप्टेंबरमध्ये त्या पहाटे ती इथेच होती. आम्ही कॉर्पोरेशन कॉलनीच्या बाजूला राहतो. पाणी घरात शिरलं तेव्हा तिने आणि मी आईला खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलं. त्यामुळे मी "नको" म्हटलं की ती गप्पच बसते. भांडली असती तर बरं झालं असतं. जुलैच्या शेवटी सुट्टीत ती नागपूरला येणार आहे आणि तेव्हा इथे फिरून माहिती गोळा करीन म्हणते.

तिला जॉग्रफी किंवा पर्यावरणशास्त्रात पदवी करायची आहे. याचा प्रवेशाला खरंच उपयोग होतो का? कोणाच्या मुलाने केलंय का?

तर्रीपोहे

दादा, पहिले केमिस्ट्री सांभाळा. माझ्या पुतण्यानं घेतलं होतं. तीनदा विषय बदलवला पोट्ट्यानं, मग शेवटच्या पंधरा दिवसांत रात्री जागून राहिला होता. ग्रेड डी. बरं, त्याला कोणी विचारलंही नाही त्याबद्दल.

बाकी आजीला खुर्चीत नेणारी पोरगी आहे म्हणता, तिचं काही वाईट होत नाही.

निळी शाई

मी इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीला, शिकवते आणि दरवर्षी चार-पाच मुलांच्या ईपीक्यूची सुपरवायझर असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रवेशाचं. ईपीक्यूच्या ए-स्टारला, म्हणजे सर्वात वरच्या ग्रेडला, यूकॅसचे (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी तिकडची संस्था) २८ गुण मिळतात, पूर्ण ए-लेव्हलच्या ए-स्टारला ५६. पण नावाजलेली विद्यापीठं गुणांवर नाही, ग्रेडवर ऑफर, म्हणजे अटींसह प्रवेश, देतात, त्यामुळे त्या २८चा मोह नको. ऑक्सफर्ड म्हणतं की करा, पण ऑफरच्या अटीत ते धरत नाहीत. साउदॅम्प्टन मात्र बऱ्याच कोर्सेसना ईपीक्यूत ए आला तर एक ग्रेड कमी असलेली पर्यायी ऑफर देतं. म्हणजे तुमच्या केमिस्ट्रीच्या बी-ला तिथे थोडा आधार आहे. लेकीच्या यादीतल्या प्रत्येक कोर्सचं पान उघडून बघा, एकाच विद्यापीठातसुद्धा नियम वेगळे असतात.

फॉर्मच्या वेळी निकाल हातात असेलच असं नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा यूकॅस फॉर्म १५ ऑक्टोबरला बंद होतो, बाकीच्यांचा जानेवारीत. पण काम पुढे गेलं असेल तर पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायचं असतं त्यात, लिहायला तिच्याकडे काहीतरी खरं असेल. "मला पर्यावरणाची आवड आहे" हे वाक्य मी हजारदा वाचलंय. पुराच्या पाण्याची खूण मोजणारी मुलगी अजून वाचलेली नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि माझ्या मते निर्णय इथेच आहे. तिने जॉग्रफी घेतलीय. त्या ए-लेव्हलमध्येच एक स्वतंत्र फील्डवर्कचा अहवाल सक्तीचा असतो, एनईए म्हणतात त्याला. ३,००० ते ४,००० शब्द, आणि जॉग्रफीच्या एकूण गुणांपैकी २० टक्के. बहुतेक कॉलेजांत तो याच उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे ईपीक्यू घेतलं तर एकाच वेळी दोन संशोधनं. एकाच कामाचे गुण दोन्हीकडे घेता येत नाहीत, आणि ईपीक्यूचा विषय अभ्यासक्रमाच्या पलीकडे जाणारा हवा. अंबाझरी एकीकडेच वापरता येईल. लेकीला विचारा, एनईएसाठी तिच्याकडे दुसरा विषय आहे का. नसेल तर ईपीक्यू सोडून द्या आणि अंबाझरी एनईएला चालेल का ते जॉग्रफीच्या शिक्षकांना विचारा.

गुण कसे देतात तेही बघा. आमच्याकडे एक्यूए बोर्ड आहे. त्यात कामाचं नियोजन २० टक्के, संदर्भ शोधून वापरणं २०, प्रत्यक्ष काम ४० आणि स्वतःच्या कामाचं परीक्षण २०. उत्तर "चुकलं" म्हणून कोणी नापास होत नाही. तर्रीपोहेंच्या पुतण्याने तीनदा विषय का बदलला हे प्रॉडक्शन लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, वेळच्या वेळी, प्रामाणिकपणे लिहिलं असतं तर कदाचित डी आला नसता. मुलं शेवटच्या रात्री सगळा लॉग एकाच पेनाने लिहितात. आम्हाला कळतं हो.

संत्रानगरीकर

निळी शाई, मनापासून आभार. एनईएबद्दल बायकोलाही माहीत नव्हतं. काल व्हिडिओ कॉलवर लेकीला विचारलं तर म्हणाली, "बाबा, तो तर मी इथल्या सोअर नदीवर करणार आहे, सप्टेंबरमध्ये वर्गासोबत जायचंय." हे तिने मला आधी सांगितलं होतं म्हणे. असेल.

एक शंका. ती तिकडे असताना मी इथून काही गोळा करून पाठवलं तर चालतं का? आणि "अंबाझरीला पूर का आला" एवढा मोठा प्रश्न तिला झेपेल का?

सोनेगाव

निवृत्त आहे, पाण्याच्याच खात्यात होतो. प्रश्न तिला झेपणार नाही. आम्हालाही झेपत नाही. नागनदी, तलावाच्या ओव्हरफ्लोचा मार्ग, त्यातला विवेकानंदांचा पुतळा, नाल्यांची रुंदी, त्यावर हायकोर्टातली याचिका, ५,००० शब्दांत यातलं काहीच नीट बसणार नाही. मुलगी पुतळ्याच्या वादात शिरली की अहवालाचं वर्तमानपत्र होईल.

लहान प्रश्न घ्या. तलावापासून खाली कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटपर्यंत कोणत्या गल्लीत पाणी किती चढलं, आणि ते नाल्यापासूनच्या अंतराशी जुळतं की जमिनीच्या उताराशी? टेप, फोन, नकाशा आणि वीस-पंचवीस घरं, एवढ्यावर होतं. पाऊस बघताना दिवसाच्या बेरजेवर जाऊ नका. त्या रात्री काही तासांतच १०० मिमीच्या वर पडला, तोच २४ तासांत पडला असता तर ही पाळी आली नसती. तासागणिक आकडे मिळतात का ते हवामान खात्याच्या नागपूर केंद्राला रीतसर पत्र लिहून विचारा. पत्र मुलीनेच लिहावं. उशीर लागेल, आजच लिहा.

निळी शाई

सोनेगावकाकांचा प्रश्न मी वर्गात दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

बाबांनी मदत केली तर चालते, लपवलेली चालत नाही. तुम्ही फोटो काढून पाठवलेत तर लॉगमध्ये "बाबांनी अमुक तारखेला काढले" असं लिहायचं. अहवालाच्या वाक्याला मात्र हात लावायचा नाही, इंग्रजी सुधारायलासुद्धा नाही.

तर्रीपोहे

म्हणजे घेऊन राहिली ना पोरगी शेवटी? मी आपला केमिस्ट्री केमिस्ट्री करत बसलो.

संत्रानगरीकर

घेतेय. काल कॉलेजला कळवलं. केमिस्ट्रीचं असं ठरलंय की मे महिन्यातल्या कॉलेजच्या परीक्षेत बी-च्या खाली गेली तर ईपीक्यू सोडायचं. ही अट तिनेच घातली, मी नाही.

आज सकाळी घराबाहेरची भिंत बघायला गेलो. दिवाळीला रंग दिला होता म्हणून खूण गेली असं वाटलं होतं, पण मीटरच्या पेटीमागे गाळाची रेघ अजून आहे. टेप लावली, जमिनीपासून ९४ सेंटीमीटर. तारखेसकट फोटो काढून पाठवला.

कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागातलं कोणी हे वाचत असेल आणि घराच्या भिंतीवर अशी रेघ शिल्लक असेल, तर कृपया व्यनि करा. रंग देण्याआधी.