वेतनमर्यादा असूनही बास्केटबॉल संघ ती ओलांडतात कसे, आणि बोनस कुठे धरतात?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

सर्व जाणकारांना नमस्कार. चिपळुणात आम्ही काही जण मिळून दर वर्षी पाऊस ओसरल्यावर सहा संघांची बास्केटबॉल स्पर्धा भरवतो. बाहेरगावच्या खेळाडूंना मानधन द्यावे लागते, आणि ज्या संघामागे मुंबईच्या चाकरमान्यांचा पैसा उभा असतो तो संघ चांगले खेळाडू आधीच बांधून घेतो. म्हणून गेल्या वर्षी आम्ही प्रत्येक संघाला मानधनासाठी 40,000 रुपयांची कमाल मर्यादा घातली. कागदावर ती सर्वांनी पाळली. परंतु एका संघाने एका खेळाडूला यंदा थोडके मानधन आणि पुढच्या वर्षी भरपाई असे तोंडी आश्वासन दिल्याचे स्पर्धा संपल्यावर उघड झाले. बाकीच्या संघांची मने त्यामुळे फार दुखावली.

मार्ग शोधताना मी अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे नियम वाचू लागलो आणि अधिकच गोंधळलो. 2025-26 च्या हंगामासाठी तिथली वेतनमर्यादा सुमारे 15.46 कोटी डॉलर आहे. तरीही अनेक संघांचा पगारखर्च तिच्या बराच वर असतो आणि त्यांना कोणी बाद करीत नाही. मग ही मर्यादा नेमकी कशाची? दुसरे असे की, करारात कामगिरीवर अवलंबून असलेले बोनस असतात. ते मिळणार की नाही हे हंगाम संपल्याशिवाय कळत नाही, आणि हिशेब तर आधी द्यावा लागतो. तो कसा मांडतात?

मांडव्याचा प्रवासी, अलिबाग

आपला पहिला प्रश्न बरोबर वर्मावर आहे. आपल्याकडच्या आयपीएलमध्ये 2025 च्या लिलावासाठी प्रत्येक संघाला 120 कोटी रुपये ठरवून दिले होते. ते संपले की बोली संपली. एनबीएची मर्यादा तशी नाही. तिला आपल्या गडग्याची उपमा शोभेल: गडगा सगळीकडून बंद असतो, पण ये-जा करण्यासाठी एखाद्या ठिकाणी बेडे ठेवलेले असते. मर्यादेच्या वर गेलेल्या संघाला बाहेरचा खेळाडू मोकळ्या हाताने घेता येत नाही, पण ठरावीक सवलतींच्या वाटेने खर्च वाढवता येतो.

सर्वांत महत्त्वाची सवलत लॅरी बर्ड या बोस्टनच्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. आजची मर्यादा 1984-85 च्या हंगामात, संघामागे 36 लाख डॉलर अशी सुरू झाली. तेव्हापासूनच आपला जुना खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडण्याची मुभा आहे. आजच्या नियमानुसार खेळाडू करार संपल्यावर स्वतःहून दुसरीकडे न जाता तीन हंगाम खेळला असेल, तर त्याच्या संघाला मर्यादेची पर्वा न करता त्याच्याशी नवा करार करता येतो. मधल्या काळात संघांनी त्याची अदलाबदल केली, तरी हा हक्क त्याच्याबरोबर नव्या संघाकडे जातो. प्रेक्षकांनी ज्याला डोक्यावर घेतले, तो केवळ हिशेब जुळत नाही म्हणून दुरावू नये, हा यातला हेतू मला मनापासून पटतो.

अर्थात यालाही किंमत आहे. 2025-26 साठी सुमारे 18.79 कोटी डॉलरच्या वर गेले की लक्झरी टॅक्स, म्हणजे जादा पगारखर्चावरचा कर, लागतो; त्याचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि मागच्या चार हंगामांपैकी तिनांत कर भरलेल्या संघाला तो आणखी जड पडतो. त्याच्या वर 19.59 कोटी आणि 20.78 कोटी डॉलर अशा दोन रेषा आहेत, त्यांना पहिला आणि दुसरा ॲप्रन म्हणतात. दुसरी रेषा लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या 2023 च्या करारनाम्यातून आली आणि तिने खरा बदल घडवला, कारण तिथे नुसता पैसा ओतून भागत नाही. दुसऱ्या रेषेपलीकडच्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महागडा खेळाडू आणता येत नाही, अदलाबदलीत रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांपुढची पहिल्या फेरीतली निवड (नवे खेळाडू वाटून घेताना मिळणारी संघाची पाळी) गोठवली जाते, म्हणजे ती अदलाबदलीत देता येत नाही. 2024 चे विजेते बोस्टन सेल्टिक्स यांनी 2025 च्या उन्हाळ्यात ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना सोडले, त्यामागे याच रेषेच्या खाली येण्याची निकड होती.

आपल्याकडे घडलेला तोंडी आश्वासनाचा प्रकार तिथेही घडला आहे, आणि तोही बर्ड सवलतीचा लाभ उठवण्यासाठीच. मिनेसोटाच्या संघाने ज्यो स्मिथ या खेळाडूला काही वर्षे कमी पगारावर खेळवून, तीन हंगाम भरले की मोठा करार देण्याचे गुपचूप कबूल केले होते. 2000 साली ते उघडकीस आल्यावर संघाला 35 लाख डॉलर दंड झाला, पहिल्या फेरीतल्या पाच निवडी काढून घेतल्या गेल्या (पुढे त्यांतल्या काही परत दिल्या) आणि स्मिथचे करार रद्द झाल्याने साठवलेला हक्कही गेला. आपण दंडाचे कलम लिहाल तेव्हा हा शेवटचा भाग लक्षात ठेवा: ज्या लाभासाठी लबाडी केली, तोच काढून घेतला गेला.

कलमांची राखण, देवगड

बोनसविषयी मी लिहितो, कारण आंब्याच्या धंद्यात हाच पेच दर वर्षी पडतो. मोहोर दिसण्याआधी बाग कराराने दिली, तर रक्कम ठरलेली असते आणि पुढे अवकाळी पाऊस आला काय किंवा थ्रिप्स ही कीड पडली काय, जोखीम घेणाऱ्याची. उतरलेल्या पेट्यांवर ठरवले, तर जोखीम दोघांत वाटली जाते. पण मग बँकेला उत्पन्नाचा कोणता आकडा सांगायचा, हा प्रश्न उरतोच.

एनबीएने या प्रश्नाचे उत्तर फार साध्या कसोटीने दिले आहे. बोनसची अट खेळाडूने किंवा संघाने मागच्या हंगामात पूर्ण केली होती का, एवढेच पाहतात. केली असेल तर तो बोनस मिळण्याजोगा ठरतो आणि सुरुवातीपासून मर्यादेत मोजला जातो. केली नसेल तर तो न मिळण्याजोगा ठरतो आणि मर्यादेत धरला जात नाही. मागच्या वर्षी 60 सामने खेळलेल्याला 55 सामन्यांची अट घातली तर ती रक्कम पगारच समजायची. 65 ची घातली तर ती बाहेर राहते. अशा बाहेर राहणाऱ्या बोनसांना त्या हंगामाच्या मूळ पगाराच्या 15 टक्क्यांची कमाल सीमा आहे, नाहीतर संघांनी निम्मा पगार बोनसच्या नावाखाली लपवला असता. शिवाय दोन्ही ॲप्रनच्या रेषा मोजताना हे न मिळण्याजोगे बोनसही धरतात. मला या रचनेत हाच भाग सर्वांत विचारपूर्वक वाटतो: खालच्या रेषेला थोडी ढील, वरच्या रेषेला मुळीच नाही.

अट कशाची घालावी, यात मात्र खरी कसोटी आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये मिलवॉकीचा ज्रू हॉलिडे साखळीतल्या शेवटच्या सामन्यात उतरला, आठ सेकंदांत फाउल करून बाहेर गेला, आणि त्या हंगामातला त्याचा 67 वा सामना नोंदला गेल्याने सुमारे 3 लाख डॉलरचा बोनस त्याला मिळाला. नियम मोडला नाही, संघानेही ते आनंदाने होऊ दिले. परंतु सामन्यांची संख्या मोजणारी अट मैदानावरचा खेळ मोजत नाही, हे त्यातून स्पष्ट दिसते.

पांढऱ्या समुद्रावरून, रत्नागिरी

मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे वरच्या शेवटच्या मुद्द्याला माझ्या बाजूची एक जोड देते. सामन्यांच्या संख्येची अट दुखऱ्या शरीराने खेळायला लावते, आणि ही मला अधिक काळजीची बाब वाटते. 2023-24 पासून एनबीएत हंगामाच्या बहुतेक मोठ्या सन्मानांसाठी साधारणपणे किमान 65 सामने खेळावे लागतात. त्या वर्षी इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनचा मांडीचा स्नायू दुखावला होता. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघांत निवड झाली तर त्याचा पुढचा करार वेतनमर्यादेच्या 25 टक्क्यांऐवजी 30 टक्क्यांपासून सुरू होणार होता. पाच वर्षांत हा फरक 4 कोटी डॉलरच्या आसपास जातो. तो लवकर परतला, 69 सामने खेळला, त्याची निवडही झाली. पण या नियमावर त्याने तेव्हाच उघड टीका केली होती. एवढी रक्कम समोर असताना कोणता तरुण खेळाडू बाकावर शांत बसेल?

अलिबागच्या सभासदांशी मी एका बाबतीत सहमत नाही. सहा संघांच्या स्पर्धेत बर्डसारखी सवलत सरसकट दिली, तर आज ज्यांच्याकडे चांगले खेळाडू आहेत त्यांचीच मक्तेदारी पक्की होईल. एनबीएत ही सवलत खपते, कारण तिच्यामागे कर आहे, दोन रेषा आहेत, शिवाय संघाने मर्यादेच्या 90 टक्के तरी खर्च करावा असे बंधनही आहे. आपल्याकडे द्यायचीच असेल, तर फक्त तालुक्यातल्या खेळाडूंपुरती द्यावी.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

तिघांचेही मनापासून आभार. आपल्या उत्तरांवरून मी समितीपुढे असा मसुदा ठेवणार आहे: मर्यादा 40,000 रुपयेच, बोनस मानधनाच्या 15 टक्क्यांपर्यंत, आणि आमच्याकडे मागच्या वर्षीच्या नोंदी अपुऱ्या असल्याने तो पूर्णच्या पूर्ण मर्यादेत धरायचा, सामन्यांच्या संख्येवर बोनस नाही, फ्री थ्रोच्या टक्केवारीसारख्या मोजता येणाऱ्या खेळावर, तालुक्यातला खेळाडू तिसऱ्या वर्षी त्याच संघात राहिला तर त्याचे निम्मे मानधन मोजायचे, आणि तोंडी आश्वासन सिद्ध झाल्यास तो खेळाडू त्या संघाकडून दोन वर्षे खेळणार नाही. एक शंका उरते. ठरलेला खेळाडू जुन्या दुखण्यामुळे मध्येच बसला, तर मानधन पूर्ण द्यायचे का?

कलमांची राखण, देवगड

याला 2017 सालचा जोएल एम्बीडचा करार पाहावा. फिलाडेल्फियाने त्याला पाच वर्षांसाठी सुमारे 14.8 कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा तो तीन हंगामांत मिळून अवघे 31 सामने खेळला होता. संघाने सरसकट दुखापतीची अट घातली नाही. पाय आणि पाठ यांच्या जुन्या, नेमक्या नोंदलेल्या दुखण्यांमुळेच बरेच सामने बुडाले, तर कमी रकमेत करार संपवण्याची मुभा ठेवली. इतर कोणतीही इजा झाली तरी पगार पूर्ण. आपणही करारावर खेळाडूकडून जुने दुखणे नावानिशी लिहून घ्यावे, आणि ते वाचून दाखवून मगच त्याची सही घ्यावी. जे लिहिलेले नाही, त्यासाठी त्याचे मानधन कापू नये.