घरच्या मिसळीला तर्री का येत नाही?

जॉगिंगट्रॅक_इंदिरानगर

येत्या रविवारी सहा जणांची मिसळ करायची आहे. घरच्या मिसळीत दर वेळी एकच घोळ. चव ठीक असते, पण कट दाट होतो आणि तर्री काही वर येत नाही. वाटीत ओतला की आमटीसारखा एकजीव, तपकिरी. तेल वाढवलं तर नुसता तेलकट लागतो, तर्रीचा पत्ता नाही.

सध्याची कृती अशी: अर्धा किलो मोडाची मटकी कुकरला एक शिट्टी. तीन कांदे, ओलं खोबरं, आलं-लसूण सगळं कच्चंच, पाणी घालून मिक्सरला गुळगुळीत. ते फोडणीत घालून पाच मिनिटं परतायचं. मग काळा मसाला दोन चमचे, लाल तिखट दोन चमचे, पाणी, आणि दाटपणाला एक उकडलेला बटाटा कुस्करून.

नेमकं चुकतं कुठे? आणि या थंडीत मटकीला मोडही धड येत नाहीयेत, त्यावर काय करावं?

काळा_रस्सा

तुमच्या कृतीत चार ठिकाणी तर्रीचा गळा दाबलाय. कच्चं गुळगुळीत वाटण, ओलं खोबरं, बटाटा आणि कुकरमध्ये फुटलेली मटकी.

तर्री म्हणजे काय, तर रंग प्यायलेलं तेल. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. तेल मोकळं राहिलं तर ते लाल होऊन वर तरंगतं. रश्शात तेलाला धरून ठेवणारं काही असलं की तेच तेल बारीक बारीक थेंबांत अडकून पडतं. मग तेल कितीही ओता, कट तेलकट होईल, तर्री येणार नाही.

सहा जणांसाठी असं करा. 4 मध्यम कांदे, साधारण 400 ग्रॅम, उभे चिरून 2 चमचे तेलात मध्यम आचेवर परता. उन्हाळ कांदा असता तर 15 मिनिटांत काम झालं असतं. आत्ता बाजारात लालच आहे, त्यात पाणी जास्त, तेव्हा 20-25 मिनिटं धरा. कडा काळपट आणि मधला भाग चांगला तपकिरी झाला पाहिजे. गुलाबीवर थांबलात तर सगळं मुसळ केरात.

खोबरं सुकंच हवं. अर्धी वाटी, 50-60 ग्रॅम. किसून भाजू नका. वाटी चिमट्यात धरून थेट गॅसवर फिरवा. खोबऱ्याला तेल सुटतं, कड पेट घेते, एक बारीकशी ज्योत पळते. फुंकून विझवायची आणि परत धरायची. बाहेरून काळं, आतून बदामी झालं की उतरवा. वरची जळकी साल सुरीनं खरवडा, पण सगळी नाही, रश्शाचा काळपट रंग आणि धुरकट वास तिच्यातच असतो. भाजण्याआधी खोबऱ्याचा तुकडा चावून बघा. खवट असेल तर टाकून द्या, तो खवटपणा कुठल्याच मसाल्यानं झाकला जात नाही.

15 पाकळ्या लसूण, दीड इंच आलं, मूठभर कोथिंबिरीच्या काड्या घालून वाटा. पाणी 3-4 चमचेच. मिक्सर फिरेना म्हणून भसकन पाणी ओतणं, हीच सगळ्यात मोठी चूक.

आता कढईत 150 मिली तेल. जास्त वाटतंय, पण माणशी 25 मिलीच पडतं. वाटण पडलं की आधी सगळं तेल पिऊन टाकतं आणि कढई कोरडी दिसते. इथेच लोक घाबरून पाणी घालतात. घालू नका, मंद-मध्यम आचेवर परतत राहा. 10-12 मिनिटांनी वाटणाचा गोळा होतो आणि कडेनं तेल सुटायला लागतं. उलथन्यानं गोळा बाजूला सारला की मोकळ्या तळात तेल धावत येऊन साचतं. हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाही.

मग आच अगदी बारीक. ब्याडगीचं तिखट 2 मोठे चमचे, झणझणीत लवंगी 1 लहान चमचा, काळा मसाला 2 मोठे चमचे, अर्धा चमचा हळद. फार तर अर्धा मिनिट परता आणि लगेच डावभर कडकडीत पाणी घाला. मिरची करपली की रंग गेला आणि वर कडवटपणा आला. त्यावर गूळ-बिळ काही चालत नाही, परत पहिल्यापासून.

एकूण दीड लिटर पाणी, उकळतंच, दोन-तीन वेळा करून. मीठ घाला, उकळी आली की आच मंद करून अर्धवट झाकण ठेवा, 25 मिनिटं. खळखळ उकळू देऊ नका, त्यानं तेल परत रश्शात घुसळलं जातं. गॅस बंद केल्यावर 15 मिनिटं तसंच राहू द्या. वाढताना डाव तळापर्यंत घालून ढवळायचा नाही. आधी वरची तर्री वाटीत काढून घ्या, मग खालचा कट.

गोदाकाठ

वरचं सगळं पटलं, तेल सोडून. सणासुदीला ठीक आहे, पण महिन्यातून दोनदा मिसळ होणाऱ्या घरात 150 मिली मला तरी जास्त वाटतं. हॉटेलातही बऱ्याच ठिकाणी तर्री वेगळ्या भांड्यात तयार असते, वाढताना वरून सोडतात. घरीही तेच करावं.

कट 70 मिली तेलात करा. वाटण परतायला थोडं जास्त लक्ष द्यावं लागेल, तळाला लागतं. तर्रीसाठी छोट्या कढल्यात 50 मिली तेल कडक तापवा, गॅस बंद करा आणि दोनेक मिनिटं थांबा. मग चिमूटभर तिखट टाकून बघा. फेसाळून लाल राहिलं तर तेल बरोबर. काळं पडलं तर अजून थांबा. नुसतं तळाशी जाऊन बसलं तर तेल गार झालंय, जरा तापवा. मग दीड चमचा ब्याडगी किंवा काश्मिरी तिखट आणि चिमूटभर काळा मसाला घालून 10 मिनिटं ठेवा. गाळ खाली बसतो. वरचं लाल तेल चहाच्या गाळणीनं गाळून घ्या.

वाटीला दीड ते दोन चमचे पुरे. आणखी एक सोय म्हणजे आजी-आजोबा आणि लहान मुलांना तोच कट तर्रीशिवाय देता येतो, दोन पातेली चढवावी लागत नाहीत.

निफाडची_थंडी

मटकीचं सांगतो. मोड यायला ऊब लागते आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे ओट्यावर ती नसते. उन्हाळ्यात 12-14 तासांत होणारं काम आत्ता 30-36 तास घेतं. बी खराब म्हणून टाकून देऊ नका.

250 ग्रॅम कोरडी मटकी घेतली की अर्धा किलोच्या वर मोडाची होते. कोमट पाण्यात 8 तास भिजवा. भिजल्यावर हातानं चाळवा. जे दाणे फुगलेच नाहीत, कडक राहिले, ते गणंग. ते शिजणार नाहीत आणि दाताखाली खडा आल्यासारखं होईल, आत्ताच वेचून टाका.

मग चाळणीत 20 मिनिटं निथळू द्या. मटकी बुळबुळीत होऊन वास मारते ती बहुतेक राहिलेल्या पाण्यानं. सुती कापड ओलं करून घट्ट पिळा आणि पुरचुंडी सैल बांधा. आवळून बांधली तर मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही, ते आंबतात. ही पुरचुंडी चाळणीत, चाळणी मोठ्या पातेल्यात, पातेल्याच्या तळाशी पेलाभर गरम पाणी, पण कापडाला लागणार नाही इतकंच. वर झाकण आणि एक जुना टॉवेल. दर 8-10 तासांनी मटकी कोमट पाण्यानं धुवून, निथळून परत बांधा, तळाचं पाणीही बदला.

रविवारी सकाळी 7 ला हवी तर शुक्रवारी दुपारी 12 ला भिजत घाला. मोड सेंटिमीटरभर पुरे, लांब झाले की चव गवतासारखी लागते. लवकर आले तर फ्रिजमध्ये टाका, वाढ थांबते.

कुकर नकोच. मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळदीच्या फोडणीत मटकी परतून कपभर गरम पाणी, वर पाण्याची ताटली ठेवून मंद आचेवर 10-12 मिनिटं. दाणा बोटात चेपला पाहिजे, फुटता कामा नये. मीठ शेवटी. तळाला उरलेलं पाणी गाळून कटात घाला, चव छान उतरते.

जॉगिंगट्रॅक_इंदिरानगर

सगळ्यांचे आभार, आता पद्धतशीर करतो. दोन शंका. बटाटा काढला तर कट पाणचट होणार नाही का? आणि ओलं खोबरं अजिबातच नको?

काळा_रस्सा

कट पातळच असतो हो! त्यात फरसाण भिजायचंय, पाव बुडायचाय. आधीच दाट असेल तर ताटलीत पाच मिनिटांत लापशी. अंग भाजलेल्या खोबऱ्यानं येतं. तरी पातळ वाटला तर झाकण काढून मंद आचेवर 10 मिनिटं आटवा, किंवा वाटणातच 1 चमचा भाजलेले तीळ घाला. बटाट्यावर फारच जीव असेल तर फोडी करून उसळीवर ठेवा, कटात कुस्करू नका.

ओल्या खोबऱ्याचं दूध निघतं, रस्सा फिकट आणि गोडसर होतो. काळ्या वाटाण्याच्या उसळीत ते शोभतं, इथे नाही.

पापड_आधी

इतकं सगळं करून वाढण्यात घालवू नका. ताटलीत आधी उसळ दोन डाव, वर मूठभर फरसाण, मग कांदा-कोथिंबीर. कट वेगळ्या वाटीत, आणि ज्याचा त्यानं खाताना ओतायचा. फरसाण गोड नको, आणि त्यात जाड शेव व पापडी जास्त असू द्या, बारीक शेव लगेच गळते. दही फेटून घ्या आणि आंबट नको. पापड उडदाचा, तळलेला. भाजलेला पापड कटाच्या वाफेनंच मऊ पडतो असं माझं मत आहे, इथे भांडण होणार हे माहीत आहे.

मीठ जास्त झालं तर उकळतं पाणी वाढवा आणि वरून तर्री सोडा. कणकेचे गोळे, बटाट्याच्या फोडी वगैरे उपाय कटात चालवू नका, तर्रीचं परत तेच होईल.

जॉगिंगट्रॅक_इंदिरानगर

18 पाव पुरतील ना सहा जणांना?

पापड_आधी

24 आणा. कट जमला तर 18 पहिल्याच वाटीला संपतील.