पहिल्या मीटिंगला बोलावंच लागतं असं नाही
चारचौघांत उभं राहून सगळं सांगावं लागेल या धास्तीने नवरा दारू सोडण्यासाठीच्या मीटिंगला जायला तयार नाही, असं वर एका ताईंनी लिहिलंय. भीती समजू शकते, पण तसा नियम नाही. मी धाकट्या भावासोबत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या, मीटिंगला गेले होते. पाळी आल्यावर तो खाली बघत एवढंच म्हणाला, "आज फक्त ऐकतो." मीटिंग चालवणाऱ्यांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाकडे वळले. आडनाव कुणी विचारलं नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट.

मीटिंग दोन प्रकारच्या असतात, हे मात्र इथे कुणी सांगितलेलं नाही. 'ओपन' मीटिंगला घरचेही बसू शकतात, 'क्लोज्ड' फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. सोबत जायचं असेल तर आधी फोन करून विचारून घ्या. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचा वेगळा आधारगट आहे, तिथे तुम्ही स्वतःसाठी जा.

आणि कळकळीने सांगते, बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने उत्साहाच्या भरात दारू एकदम बंद करू नये. फिट येणं, भ्रम होणं, हे जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. मीटिंगला जाणं त्यासाठी थांबवावं लागत नाही.