'डोप' म्हणजे कौतुक की शिवी? डिक्शनरी बघून जास्तच गोंधळ झालाय

प्रश्न
मी डिझाइनचं काम करते, एक प्रेझेंटेशन तीन रात्री जागून पूर्ण केलं आणि टीममधल्या एकाने चॅटवर नुसतं 'धिस इज डोप' एवढंच टाकलं, पुढे ना स्मायली ना काही. मला डोप म्हटलं की खेळाडूंची डोप टेस्ट तेवढी माहीत, म्हणून डिक्शनरी उघडली तर तिथे घट्ट द्रव, नशेचा पदार्थ, मूर्ख माणूस, आतली बातमी आणि पार खाली कुठेतरी 'मस्त'. आता यातलं काय धरायचं? त्या माणसाशी फारशी ओळख नाही त्यामुळे त्यालाच विचारायला कसंतरी वाटतंय. कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, सकाळपासून डोक्यात तेच चाललंय.

रिप्लाय १
अहो कौतुकच आहे, निश्चिंत राहा! आपण 'भारी झालंय' म्हणतो ना, अगदी तेच. भारीचा मूळ अर्थ वजनदार, खतरनाकचा धोकादायक, तरी 'काय खतरनाक बॅटिंग केली' म्हटलं की ऐकणाऱ्याला बरोब्बर कळतं.

ओळखायची खूण सांगते, ती म्हणजे डोपच्या आधीचा छोटासा 'अ'. 'यू आर डोप' म्हणजे तू एकदम भन्नाट आहेस आणि 'यू आर अ डोप' म्हणजे तू बावळट आहेस. एका अक्षराने सगळं उलटं होतं. 'अ' आला आणि डोपवरच वाक्य संपलं की ते नाम, माणसाला मूर्ख म्हटलं. 'अ' नाही आणि 'इज'नंतर सरळ डोप आलं की विशेषण, म्हणजे मस्त. आणि 'गिव्ह मी द डोप' असं 'द' लावून आलं तर आतली खबर सांग. तुमच्या मेसेजमध्ये 'अ' नाहीये, शिवाय तो 'धिस' म्हणजे कामाबद्दल बोलतोय, तुमच्याबद्दल नाही.

रिप्लाय २
वरचं उत्तर बरोबर आहे, फक्त डिक्शनरीत 'मस्त' खाली का असतं ते सांगतो कारण खूप जण तिथेच फसतात. सगळ्यात वरचा अर्थ म्हणजे सगळ्यात जास्त वापरला जाणारा असं आपण धरून चालतो, पण काही डिक्शनऱ्या, उदाहरणार्थ मेरियम-वेबस्टर, अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावतात. त्यामुळे आज रोज कानावर पडणारा अर्थही मागे जातो.

आणि या शब्दाचा प्रवास खरंच बघण्यासारखा आहे. मूळ डच शब्द 'डोप', त्याचा अर्थ बुडवून खायचा रस्सा किंवा सॉस. १९व्या शतकात अमेरिकेत तो ग्रेव्हीसाठी आणि मग कुठल्याही घट्ट चिकट द्रवासाठी वापरायला लागले, ओढण्यासाठी तयार केलेली अफू पण तशीच काकवीसारखी घट्ट असायची म्हणून तिला डोप, तिथून सगळ्याच नशेच्या पदार्थांना डोप. मग शर्यतीच्या घोड्यांना चोरून औषधं द्यायला लागले ते डोपिंग, आणि कुठल्या घोड्याला दिलंय हे ज्याला आधी माहीत त्याच्याकडे 'द डोप', आतली खबर तिथूनच आली असावी असं मानतात. खेळाडूंचं डोपिंग पण त्याच ओळीतलं, त्यावर लक्ष ठेवणारी वाडा ही जागतिक संस्था १९९९ ची. 'मस्त' हा अर्थ तर अगदी अलीकडचा, १९८० च्या दशकात हिप-हॉपमधून पसरला. म्हणजे रश्श्यापासून सुरू झालेला शब्द तुमच्या प्रेझेंटेशनपर्यंत पोचलाय.

रिप्लाय ३
यात आमचं राहिलं :) सेमीकंडक्टरमध्ये, म्हणजे ज्यापासून चिप बनतात त्या सिलिकॉनसारख्या पदार्थांच्या कामात, डोपिंग रोजचा शब्द आहे. शुद्ध सिलिकॉनमधून वीज नीट वाहत नाही म्हणून त्यात अगदी किंचित फॉस्फरस किंवा बोरॉन घालतात, फॉस्फरस घातला की एन-टाइप (वीज वाहायला जास्तीचे इलेक्ट्रॉन) आणि बोरॉन घातला की पी-टाइप (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा). जुन्या कापडी पंखांच्या विमानांना कापड ताणून घट्ट बसावं म्हणून जे लाखेसारखं लेपन द्यायचे त्यालाही डोपच म्हणतात. दोन्हीकडे कल्पना एकच, वरून काहीतरी घालून मूळ वस्तूचा गुण बदलायचा.

रिप्लाय ४
एक काळजीची गोष्ट. समजलं म्हणून लगेच सगळीकडे वापरू नका. समवयस्कांच्या चॅटवर ठीक आहे, पण क्लायंटच्या मेलमध्ये किंवा इंटरव्ह्यूमध्ये नको, तिथे सरळ 'ग्रेट' किंवा 'एक्सलंट' लिहा. आणि 'हॅव सम डोप', 'ऑन डोप' असलं काही तर चुकूनही नको, तिथे अर्थ सरळ ड्रग्जचाच होतो, मग तो गांजा असो नाहीतर हेरॉइन. मी नवीन असताना एका मीटिंगमध्ये शिकलेला स्लँग असाच उत्साहात वापरला होता, सगळे एकदम गप्प झाले आणि मला नंतर एकाने बाजूला घेऊन सांगितलं. अजून आठवलं की कान गरम होतात. सिक, विकेड, बॅड या शब्दांचं पण असंच आहे, कोण कोणाशी बोलतंय ते बघून अर्थ लावायचा.

प्रश्नकर्तीकडून
सगळ्यांचे खूप खूप आभार, मनापासून! आत्ता परत चॅट उघडून बघितलं, 'अ' खरंच नाहीये. आणि वर स्क्रोल केल्यावर दिसलं की गेल्या आठवड्यात त्याने दुसऱ्या एकीच्या लोगोला पण डोप म्हटलेलं आणि तिने खाली हार्ट टाकलेलं. मी 'थँक यू, ग्लॅड यू लाइक्ड इट' लिहून पाठवलं. आज लवकर झोपते.